'छोटी सी बात' (१९७६): अरुणची भीती नेमकी कशाने गेली?

काळाघोडा (धागाकर्ता):

बासू चॅटर्जी यांनी दिग्दर्शित केलेला आणि बी. आर. चोप्रा यांची निर्मिती असलेला 'छोटी सी बात' हा चित्रपट १९७६ साली आला. त्याच्याविषयी मराठीत जेव्हा लिहिले जाते तेव्हा बहुतेक वेळा जुन्या मुंबईचे मोकळे रस्ते, लाल बसगाड्या, सलील चौधरींचे संगीत आणि योगेश यांची गीते यांची आठवण काढली जाते. ती आठवण मलाही प्रिय आहे. परंतु या धाग्यात वेगळी चर्चा व्हावी अशी माझी इच्छा आहे. हा चित्रपट मुळात भीतीविषयी आहे, आणि ज्या हलक्या हाताने तो भीतीकडे पाहतो त्यामुळे आपण त्यातला प्रश्न गंभीरपणे घेतच नाही असे मला वाटते.

ज्यांनी तो पाहिलेला नाही किंवा पाहून फार वर्षे झाली आहेत त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. अरुण प्रदीप (अमोल पालेकर) हा मुंबईत नोकरी करणारा सरळमार्गी तरुण. बसथांब्यावर दिसणारी प्रभा (विद्या सिन्हा) त्याला आवडते, पण तिच्याशी चार शब्द बोलण्याचे धैर्य त्याच्या अंगी नाही. तिच्याच कार्यालयातला नागेश (असरानी) मात्र पिवळ्या स्कूटरवरून येतो, तिला मागे बसवून घेऊन जातो, उपाहारगृहात वेटरला हुकूम सोडतो आणि अरुणला त्याच्याच पैशाने लहान करून दाखवतो. स्कूटरला उत्तर म्हणून अरुण एक जुनी मोटारसायकल विकत घेतो, तर तिथेही तो फसवला जातो. ज्योतिषी आणि बाबा यांच्याकडे खेपा घालून झाल्यावर शेवटी तो खंडाळ्याला कर्नल ज्युलियस नगेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग (अशोककुमार) यांच्याकडे जातो. कर्नल त्याला चालायला, बोलायला, समोरच्याला गोंधळात पाडायला आणि जिंकायला शिकवतात. परतलेला अरुण नागेशला प्रत्येक ठिकाणी चितपट करतो.

इथपर्यंत सगळे सरळ आहे. माझा प्रश्न यापुढचा आहे. कर्नलांनी अरुणला जे शिकवले ते धैर्य होते, की केवळ कुरघोडीचे तंत्र होते? मला स्वतःला असे वाटते की खंडाळ्याहून परतलेला अरुण अजून भित्राच आहे, फक्त त्याच्या हाती हत्यार आले आहे. चिनी उपाहारगृहात काड्यांनी सहज जेवणारा आणि नागेशला घास तोंडापर्यंत नेणेही कठीण करून ठेवणारा अरुण पाहताना आपल्याला आनंद होतो, कारण आपल्यातल्या प्रत्येकाला कोणीतरी नागेश भेटलेला असतो. पण त्या प्रसंगात अरुणचे सगळे लक्ष प्रभाकडे नसून नागेशकडे आहे. ज्या माणसाची भीती गेली आहे त्याला समोरच्याच्या फजितीची गरज पडू नये. चित्रपटाच्या शेवटी अरुण डावपेच बाजूला ठेवतो आणि मनातले मनमोकळेपणाने बोलतो. माझ्या मते त्याची भीती त्या क्षणी जाते, त्याआधी नाही. इतरांना काय वाटते ते जाणून घ्यायला मी उत्सुक आहे.

रिमझिम:

अतिशय चांगला विषय. तुम्ही म्हणता ते शेवटाविषयी मला पटते, पण मला सुरुवातीकडे लक्ष वेधायचे आहे. 'जानेमन जानेमन' हे गाणे चित्रपटगृहाच्या पडद्यावर चालू असते, तिथे धर्मेंद्र आणि हेमा मालिनी असतात, आणि पाहता पाहता अरुण त्यांच्या जागी स्वतःला आणि प्रभाला पाहू लागतो. गाणे गोड आहे, आशा भोसले आणि येसुदास यांनी ते गायले आहे. पण भित्र्या माणसाच्या मनाचे इतके अचूक चित्रण मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे. भित्रा माणूस प्रेम करत नाही असे नव्हे, तो मनातल्या मनात सगळे पूर्ण करून टाकतो. मनात संभाषण होते, होकार मिळतो, फिरणे होते आणि प्रत्यक्षात बस येते आणि निघून जाते. कल्पनेत मिळणाऱ्या या समाधानामुळेच प्रत्यक्ष कृती लांबणीवर पडत राहते. बासूदांनी हे कोणत्याही पात्राच्या तोंडून न बोलता दाखवले आहे.

वाटसरू:

या चित्रपटाचा आधार १९६० सालचा एक इंग्रजी विनोदपट आहे, आणि तो स्वतः स्टीफन पॉटर यांच्या कुरघोडीविषयीच्या विनोदी लेखनावर बेतलेला होता, हे बहुतेकांना ठाऊक असेल. मी दोन्ही पाहिले आहेत आणि धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या तुलनेत सापडते असे मला वाटते.

इंग्रजी चित्रपटात कुरघोडी शिकवणारी रीतसर शाळा आहे, वर्ग आहेत, विद्यार्थी आहेत. तिथला नायक सुस्थितीतला आहे, त्याचा प्रतिस्पर्धी टेनिसच्या मैदानावर आणि मोटारीत बसून त्याला हरवतो. तिथे मुख्य विषय इंग्रजी समाजातली पायरी हा आहे. कोण वरचढ, कोण खालचा, आणि खालच्याने वरचढ कसे दिसावे, यावर सगळा विनोद उभा आहे. त्यातल्या नायिकेला बक्षिसापलीकडे फारसे अस्तित्व नाही.

बासू चॅटर्जी यांनी हीच कथा मुंबईत आणली तेव्हा मोटारीच्या जागी बस आली. हा बदल वरवरचा नाही. बसच्या रांगेत सगळे सारखे असतात. प्रभाही त्याच रांगेत उभी असते, तीही नोकरीला निघालेली असते, तिलाही वेळेवर पोहोचायचे असते. त्यामुळे अरुण आणि प्रभा यांच्यात पायरीचे अंतर नाही, जे अंतर आहे ते फक्त अरुणच्या मनात आहे. नागेशची स्कूटर ही त्या काळच्या मध्यमवर्गाच्या दृष्टीने फार मोठी मिरवण्याची गोष्ट होती, कारण तेव्हा स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असे. म्हणजे नागेशकडे जे आहे ते केवळ रांगेतून सुटण्याचे साधन आहे, आणि अरुणला तेवढ्यानेच तो कोणी मोठा वाटतो. इंग्रजी चित्रपट विचारतो की पायरी कशी चढावी. हिंदी चित्रपट दाखवतो की पायरी मुळात नव्हतीच. म्हणून मला कर्नलांचे प्रशिक्षण हा उसना भाग वाटतो, आणि बसथांबा हा बासूदांचा स्वतःचा भाग वाटतो.

पाऊलवाट:

खंडाळ्याच्या प्रसंगात अमिताभ बच्चन स्वतःच्याच भूमिकेत कर्नलांचा सल्ला घ्यायला आलेले दाखवले आहेत, याचा उल्लेख राहिला. 'दीवार' १९७५ चा, म्हणजे नुकताच येऊन गेलेला. कोणालाही न घाबरणारा तरुण म्हणून ज्या नटाकडे सारा देश पाहत होता तोच इथे सल्ला मागायला बसलेला आहे. अरुणसारख्या माणसाला दिलासा देणारा याहून सुंदर प्रसंग सुचणे कठीण आहे.

माहीमची:

धाग्यातले सगळे प्रतिसाद वाचले. चित्रपट मलाही आवडतो, विद्या सिन्हा यांचे त्यातले शांत, किंचित मिस्कील हसणे मला आजही फार आवडते. पण आतापर्यंतची सगळी चर्चा अरुणच्या भीतीची झाली आहे, आणि मला प्रभाच्या बाजूने काही गोष्टी स्पष्टपणे मांडायच्या आहेत.

मी त्याच काळात माहीमहून फोर्टला नोकरीला जात असे. बसथांब्यावर रोज ठरावीक वेळी दिसणारा, बोलत काहीच नाही, पण आपण उतरलो की मागे चालत येणारा मनुष्य ही त्या काळच्या नोकरदार मुलींच्या आयुष्यातली नेहमीची गोष्ट होती. माझ्याही वाट्याला ती आली होती. तो मनुष्य अरुणसारखा लाजाळू होता की त्याच्या मनात दुसरे काही होते, हे मला तेव्हा कळण्याचा काही मार्ग नव्हता आणि आजही नाही. मी थांबा बदलला, घरातून लवकर निघू लागले, आणि घरी सांगितले तर नोकरी सोडायला लावतील म्हणून कोणाला काही बोलले नाही. त्याला माझी भीती वाटत असेलही, पण मला वाटणारी भीती निराळ्या जातीची होती. अशा प्रसंगात माझ्यासारख्या मुलीने गमावण्यासारखे पुष्कळ होते.

चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रभाला अरुण मागे येतो हे ठाऊक आहे, तिला त्याची गंमत वाटते, आणि तो मनातून तिला आवडतोही, हे दिग्दर्शक आपल्याला लवकरच सांगून टाकतो. त्यामुळे प्रेक्षकाच्या मनावरचा ताण उतरतो आणि आपण निर्धास्तपणे हसू शकतो. ही त्यांची संवेदनशीलता आहे, हे मी मान्य करते. परंतु प्रत्यक्षातल्या अरुणला प्रभाचे मन दाखवणारा दिग्दर्शक मिळत नाही. चित्रपट पाहून ज्या तरुणाने असा समज करून घेतला असेल की मूकपणे मागे चालत राहिले तर तिला आपोआप कळते, त्याने एका मुलीची झोप उडवली असण्याची शक्यता फार मोठी आहे.

दुसरे असे की प्रभाला काही भीती असेल का, याचा विचार कोणी केला आहे का? ती नागेशच्या स्कूटरवर बसते ते त्याच्यावर प्रेम आहे म्हणून नव्हे. तो सहकारी आहे, रोज त्याच्याबरोबर काम करायचे आहे, आणि त्याला सरळ नाही म्हणणे सोपे नाही. तिच्या हसऱ्या चेहऱ्यामागे ही सावधगिरी आहे, असे मला प्रत्येक वेळी जाणवते. तिला खंडाळ्याला पाठवायला कोणी कर्नल नाही.

काळाघोडा (धागाकर्ता):

माहीमची ताई, तुमच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. तुम्ही मांडलेला मुद्दा या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे असे मी मानतो. तुमच्या म्हणण्याला धरूनच मला पुढे जायचे आहे.

अरुणचा मूकपणा आपण सज्जनपणा समजतो, पण त्यात स्वतःपुरते पाहणेही आहे. तो प्रभाला काय वाटत असेल याचा विचार करत नाही, कारण त्याचे सगळे लक्ष स्वतःच्या फजितीच्या शक्यतेकडे आहे. तिने नकार दिला तर आपले काय होईल, लोक काय म्हणतील, नागेश कसा हसेल, एवढेच त्याच्या डोक्यात आहे. भीतीची ही बाजू आपण सहसा बोलून दाखवत नाही. भित्रा माणूस आपल्याला निरुपद्रवी वाटतो, पण भीतीने गुरफटलेल्या माणसाला समोरची व्यक्ती नीट दिसतच नाही. म्हणून शेवटी अरुण मोकळेपणाने बोलतो तेव्हा मला त्याचे खरे मोल असे वाटते की त्याने प्रथमच प्रभाला उत्तर देण्याची संधी दिली. तोपर्यंत मूकपणाने आणि नंतर डावपेचांनी त्याने ती नाकारलेली होती. खंडाळ्यापूर्वीचा अरुण आणि खंडाळ्यानंतरचा अरुण यांच्यात आपल्याला जेवढा फरक वाटतो तेवढा तो या दृष्टीने नाही.

जुनाजाणता:

चर्चा उत्तम चालली आहे. या प्रश्नाकडे मानसशास्त्राच्या बाजूने पाहिले तर एक विलक्षण योगायोग दिसतो.

विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस हे तरुणपणी मुलींशी बोलायला अतिशय घाबरत असत. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी स्वतःवरच एक प्रयोग केला आणि त्याची हकीकत त्यांनी आयुष्यभर अनेकदा सांगितली. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात एखादी स्त्री बाकावर एकटी बसलेली दिसली की आपण त्याच बाकावर बसायचे आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला आणि महिनाभर तो पाळला. त्यांनी गाठलेल्या १३० स्त्रियांपैकी ३० जणी लगेच उठून गेल्या, उरलेल्या १०० जणींशी ते बोलले, त्यांतल्या फक्त एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही. जगाच्या दृष्टीने हे संपूर्ण अपयश होते. एलिस यांची भीती मात्र त्यातून गेली, कारण ज्याला ते घाबरत होते ते प्रत्यक्षात पुन्हा पुन्हा घडूनही त्यांचे काहीच बिघडले नाही, हे त्यांना अनुभवाने कळले.

आता हे कर्नलांच्या शिकवणीशेजारी ठेवून पाहा. कर्नल अरुणला जिंकायला शिकवतात. त्यामागचे गृहीत असे की हरणे ही खरोखरच भयंकर गोष्ट आहे आणि ती टाळण्याचे कौशल्य मिळाले की भीती उरणार नाही. एलिस यांनी नेमके उलट केले. त्यांनी हरण्याचीच सवय करून घेतली. कर्नलांचा विद्यार्थी जोपर्यंत जिंकतो आहे तोपर्यंतच निर्भय असतो. एलिस यांच्या मार्गाने गेलेल्या माणसाला निर्भय राहण्यासाठी जिंकावे लागत नाही. धागाकर्त्यांनी म्हटल्याप्रमाणे अरुण शेवटी डावपेच टाकतो, त्या वेळी तो कर्नलांना सोडून एलिस यांच्या बाकावर येऊन बसतो असे म्हणता येईल.

मुंबईच्या दृष्टीने सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे एलिस यांच्या विचारांचा भारतात प्रसार करण्याचे मोठे काम कि. मो. फडके यांनी याच शहरात राहून केले, आणि मराठी वाचकांना एलिस यांची ओळख मराठीतूनच झाली. हा चित्रपट आला त्या काळात 'लाजाळूपणा हा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही' अशीच घराघरांतली समजूत होती. अरुण ज्योतिषाकडे जातो ते हास्यास्पद वाटते, पण त्याने आणखी कुठे जायला हवे होते? त्याला मदत मागावीशी वाटली, हेच मला फार मोठे वाटते.

माहीमची ताईंच्या मुद्द्याला धरून एक खुलासा. एलिस यांचा तो प्रयोग आज जसाच्या तसा कोणी करावा असे मी म्हणत नाही. एकट्या बसलेल्या स्त्रीजवळ परक्याने जाऊन बसणे तिला त्रासाचे वाटू शकते. बोलण्याच्या भीतीवर मात करण्याचा सराव दुकानदाराशी, सहकाऱ्यांशी, सभेत प्रश्न विचारून असा कुठेही करता येतो.

चुनाभट्टी:

मी या सगळ्यांपेक्षा वयाने बराच लहान आहे आणि हा चित्रपट गेल्या वर्षी आईबाबांबरोबर पहिल्यांदा पाहिला. इथे सर्वांनी कर्नलांच्या शिकवणीला जवळजवळ निकालात काढले आहे, म्हणून मला त्यांच्या बाजूने बोलायचे आहे.

माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. अंधेरीच्या एका कंपनीत नोकरीला लागल्यावर बैठकीत बोलायची वेळ आली की माझा आवाज बसत असे. मला येत असलेली गोष्टसुद्धा दुसरा कोणी सांगून मोकळा होई आणि मी मान हलवत असे. त्या काळात मला कोणी सांगितले असते की भीतीचे मूळ तुझ्या मनात आहे, हरलास तरी काही बिघडत नाही, तर मला ते पटले असते आणि माझा आवाज तरीही बसला असता. मला उपयोग झाला तो अगदी बाहेरच्या गोष्टींचा. माझ्या वरिष्ठ बाईंनी मला सांगितले की बैठकीच्या खोलीत शेवटी येऊन कोपऱ्यात बसू नकोस, आधी येऊन मध्ये बस. पहिले वाक्य घरून पाठ करून ये. बोलताना कागदाकडे पाहू नकोस. हे सगळे कर्नलांच्या जातीचेच शिक्षण आहे. सुरुवातीला मी धीट असल्याचे केवळ दाखवत होतो. पण दाखवता दाखवता लोक मला धीट समजून वागू लागले, मला प्रश्न विचारू लागले, आणि त्यांना उत्तरे देताना माझी भीती खरोखरच कमी झाली.

त्यामुळे मला असे वाटते की खंडाळ्याला गेला नसता तर अरुण शेवटच्या मोकळ्या बोलण्यापर्यंत पोहोचलाच नसता. जो माणूस साधा वेटरलाही हाक मारू शकत नाही त्याला एकदम 'मनातले खरे बोल' असे सांगणे ही क्रूरता आहे. त्याला आधी उभे राहायला काहीतरी आधार हवा. कर्नलांनी तो दिला. नंतर तो टाकून देण्याचे शहाणपण अरुणचे स्वतःचे.

वाटसरू:

चुनाभट्टी, तुमचा प्रतिसाद वाचून मला माझे मत पुन्हा तपासावेसे वाटले. अशोककुमार यांनी कर्नल ज्या पद्धतीने साकारले आहेत त्यातही तुमच्या म्हणण्याला आधार आहे. ते अरुणला कधी हिणवत नाहीत. त्याची चाचणी घेतात, त्याला चुकू देतात, पण त्याच्याविषयी त्यांच्या वागण्यात जिव्हाळा आहे. कदाचित अरुणला तंत्रापेक्षा एका वडीलधाऱ्या माणसाने गांभीर्याने ऐकून घेतल्याचाच अधिक उपयोग झाला असेल.

जुनाजाणता:

चुनाभट्टी यांच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. वर्तनातून मन बदलणे हा मान्यताप्राप्त मार्ग आहे आणि टप्प्याटप्प्याने भीतीला सामोरे जाणे हा त्याचा गाभा आहे. फक्त एक भेद मला आवश्यक वाटतो. तुमच्या वरिष्ठ बाईंनी तुम्हाला जे शिकवले त्यात दुसऱ्या कोणाला खाली पाडायचे नव्हते. मध्ये बसणे, पहिले वाक्य तयार ठेवणे, समोर पाहून बोलणे यांत कोणाचे नुकसान नाही. कर्नलांच्या शिकवणीत असा भाग आहे आणि दुसराही आहे. मोटारसायकल गळ्यात मारणाऱ्याला अरुण नंतर त्याच्याच पद्धतीने धडा शिकवतो ते आपल्याला न्याय्य वाटते. टेबल टेनिसमध्ये नागेशचे चित्त विचलित करून त्याला हरवतो ते तितके न्याय्य वाटत नाही. चित्रपटात हे दोन्ही भाग एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की हसताना आपण त्यांच्यात फरक करत नाही. प्रशिक्षण घ्यावे, पण त्यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे आपल्याला ठरवता यावे.

रिमझिम:

अमोल पालेकर यांच्या अभिनयाविषयी कोणीच विस्ताराने लिहिले नाही, आणि या विषयात ते टाळता येणार नाही. पालेकर जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकलेले, सत्यदेव दुबे यांच्याबरोबर नाटके केलेले, आणि चित्रपटात येण्यापूर्वी बँकेत नोकरी केलेले. कार्यालयातल्या साध्या माणसाचे वागणे त्यांनी जवळून पाहिले होते, हे त्यांच्या हालचालींतून कळते. हिंदी चित्रपटात भित्रा माणूस म्हणजे तोतरे बोलणारा, अडखळून पडणारा, असा ठरलेला साचा असतो. पालेकर तसे काही करत नाहीत. त्यांचा अरुण वाक्य सुरू करतो आणि समोरच्याने मध्ये तोंड घातले की ते सोडून देतो. हसू ओठांवर आणतो, पण ते टिकवू शकत नाही. खंडाळ्याहून परतल्यावर ते आवाज वाढवत नाहीत, तर शब्दांमधले अंतर वाढवतात. घाई गेली की माणूस धीट दिसतो, हे त्यांनी ओळखले होते. बासूदा स्वतः पूर्वी व्यंगचित्रकार होते, त्यामुळे थोडक्या रेषांत माणूस उभा करण्याची ही रीत त्यांना साहजिकच आवडली असणार.

चुनाभट्टी यांनी बैठकीच्या खोलीविषयी जे लिहिले त्याच्याशी मला हे थेट जोडलेले दिसते. त्यांच्या बाईंनी सांगितलेले सगळे उपाय घाई कमी करण्याचेच आहेत. आधी येऊन बसणारा माणूस घाईत नसतो. पहिले वाक्य ज्याच्याजवळ तयार आहे तो शब्द शोधत धापा टाकत नाही.

पाऊलवाट:

चित्रपटात दिसणारे जहांगीर कलादालनातले 'समोवार' २०१५ साली बंद झाले. १९६४ पासून ते चालू होते. भित्र्या माणसांसाठी ती फार चांगली जागा होती असे मी अनुभवाने सांगतो. एकटे बसले तरी कोणी विचित्र नजरेने पाहत नसे आणि एका चहावर कितीही वेळ बसता येई. आज दक्षिण मुंबईत दोन माणसांना पहिल्यांदा बोलायला अशी स्वस्त आणि निवांत जागा शोधणे कठीण झाले आहे. भीतीचा विचार करताना अशा जागांचाही विचार व्हावा असे मला वाटते.

माहीमची:

धागाकर्ते आणि जुनाजाणता यांनी माझा मुद्दा इतक्या समजुतीने घेतला याचा आनंद वाटला. पाऊलवाट यांनी जागेचा विषय काढला तो योग्यच आहे, आणि त्याला मला माझ्या बाजूने जोड द्यायची आहे. 'समोवार'सारख्या ठिकाणी मुलीला सुरक्षित वाटत असे याचे कारण तिथे आजूबाजूला माणसे असत आणि उठून जाण्याचा मार्ग मोकळा असे. बसथांब्यावर तसे नसते, कारण तिथून तिला हलता येत नाही. तिला कामावर जायचेच आहे. ज्या कोणाला एखाद्या मुलीशी बोलायचे धैर्य गोळा करायचे आहे त्याने एवढे पाहावे की तिला सहज 'नाही' म्हणून निघून जाता येईल अशीच जागा आणि वेळ आपण निवडली आहे का.

चुनाभट्टी, तुमच्या वरिष्ठ बाईंचे मला फार कौतुक वाटले. मला प्रभाविषयी जे वाटत होते त्याचे उत्तर तुमच्या प्रतिसादात सापडले. प्रभाला कर्नल नव्हता असे मी लिहिले होते, पण माझ्या कार्यालयातही तुमच्या बाईंसारख्या एक वयाने मोठ्या टंकलेखिका होत्या. मागे येणाऱ्या त्या माणसाविषयी शेवटी मी त्यांना सांगितले. त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याबरोबर थांब्यापर्यंत आल्या, त्याच्याकडे वळून उभ्या राहिल्या आणि 'तुम्हाला हिच्याशी काही बोलायचे आहे का?' असे त्यांनी अगदी शांतपणे विचारले. तो काही न बोलता निघून गेला. त्यानंतर असे प्रश्न मी स्वतः विचारू लागले, थांब्यावर, कार्यालयात आणि पुढे घरातही. चित्रपटात प्रभाची मैत्रीण आहे, तिच्याजवळ ती मन मोकळे करते, आणि त्या दोघींच्या दृश्यांत प्रभा सर्वांत निर्धास्त दिसते. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा ती दृश्ये जरा लक्षपूर्वक पाहा, आणि काय वाटले ते याच धाग्यावर जरूर लिहा.

काळाघोडा (धागाकर्ता):

जरूर पाहीन. अरुणच्या मागे चालताना त्या दृश्यांकडे माझे आजवर फारसे लक्ष गेलेले नाही. या रविवारी घरी पुन्हा चित्रपट लावतो आहे, बायको आणि मुलगी दोघी बरोबर असतील. त्या दोघींना प्रभाविषयी काय वाटते ते विचारून इथे लिहितो.